पाय मोडलेले अक्षर

३ मार्च

इतके दिवस काही लिहिले नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. कोणाची, ते ठाऊक नाही, वहीचीच समजू. मधल्या काळात जुन्या कचेरीतली नोकरी गेली, भाड्याची जागा सोडली आणि दोन बॅगा घेऊन ताईकडे राहायला आले. रडगाणे लिहून ठेवले की ते पुन्हा वाचावे लागते, म्हणून लिहिले नाही.

आज मात्र लिहिण्यासारखे आहे. ताई ज्या ग्रंथालयात ग्रंथपाल आहे, तिथेच मी लिपिक म्हणून रुजू झाले. जागा पाहताक्षणी आवडली. उंच खिडक्या, लोखंडी मांडण्या, डिंकाचा आणि जुन्या कागदाचा वास, आणि कोणी पान उलटले तरी ऐकू येईल अशी शांतता. इथे नावाने कोणी कोणाला हाक मारत नाही. प्रत्येकाच्या दारावर किंवा टेबलावर हुद्द्याची पाटी असते आणि हाकही हुद्द्यानेच. व्यवस्थापकांचे म्हणणे, माणसं येतात नि जातात, हुद्दा राहतो. एकटे शिपाई तेवढे सगळ्यांचे मामा. त्यांनी चहा आणून दिला आणि सांगितले की बाई, तुमच्या टेबलावरचा संगणक माझ्या जावयासारखा आहे. उठायला वेळ लावतो, पण एकदा बसला की कोणाचं ऐकत नाही.

ताईने सकाळीच बजावले होते की माझी मान खाली जाईल असं काही करू नकोस, बबडे. चाळिशी उलटली तरी मी तिची बबडीच. आईवडील गेल्यापासून मला ती एकटीच आहे आणि तिला मी. हे ती बोलून दाखवत नाही. माझ्या खोलीतला दिवा विझेपर्यंत फक्त जागी राहते.

६ मार्च

पहिलेच काम डोक्याला ताप निघाले. संगणकातली जुनी प्रणाली बाद झाली आहे, तिच्या जागी नवी बसवायची. सूचना वाचून वाटले, नुसते ‘पुढे’ दाबत राहायचे. सकाळी पुढे दाबले. ‘थोडा वेळ लागेल’ असे पडद्यावर आले. दुपार झाली तरी तोच थोडा वेळ चालू होता. मग यंत्र आपणच बंद पडले, आपणच सुरू झाले आणि म्हणाले की जागा अपुरी आहे. जागा करून दिली, तर म्हणाले परवानगी नाही. परवानगीसाठी पासवर्ड हवा, आणि तो आधीच्या लिपिकांना ठाऊक, जे आता मुलीकडे परगावी असतात. लेखापाल त्यांच्या टेबलावरून न उठता ओरडले की एक-दोन-तीन-चार टाकून बघा. तोच निघाला.

शेवटी नवी प्रणाली बसली. चित्रे गोंडस, रंग फिकट, आणि प्रिंटरला ती ओळखच देत नाही. एकाच टेबलावर, एकाच वायरीने बांधलेले दोघे. पण भांडलेल्या जावांसारखे तोंड फिरवून बसले आहेत. ताई म्हणाली, यंत्राशी एवढा वाद घालायची शक्ती जुन्या कचेरीत दाखवली असतीस तर नोकरी टिकली असती. बोलली ते लागले, पण खोटे म्हणता येत नाही.

९ मार्च

प्रिंटर वठणीवर आला. खरे दुखणे आज कळले. इथला सगळा मजकूर जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे आणि नव्या प्रणालीला तो फॉन्ट चालत नाही. फाइल उघडली की अक्षरांच्या जागी कंस, टिंबे आणि उद्गारचिन्हे. जणू सगळे ग्रंथालय एकदम शिव्या देऊ लागले.

दुरुस्तीवाल्याला बोलावले. कोणत्याही दुखण्यावर त्याचा एकच उपाय, बंद करून चालू करा. म्हणून मामा त्याला रीस्टार्टराव म्हणतात. त्याने एक कन्व्हर्टर बसवून दिला. जुनी अक्षरे आत घालायची, नवी बाहेर पडतात. जाताना म्हणाला की काना-मात्रा इकडेतिकडे होईल, तेवढी नजर ठेवा.

नजर ठेवणे हा तर माझा स्वभाव. पुस्तकांची सगळी सूची तपासली, ती नीट आहे. फक्त दारांवरच्या पाट्यांच्या फाइलमध्ये एक दोष राहिला. व्यवस्थापकांच्या पाटीत ‘व’ पुढच्या ‘य’ला जोडला गेलेला नाही, त्याचा मोडलेला पाय उघडा दिसतो: ‘व्‌यवस्थापक’. शाळेत बाई सांगायच्या, अक्षराचा पाय मोडायचा म्हणजे खाली एक तिरकी रेघ द्यायची. ती रेघ खोडली की परत येते. नव्या पाट्या व्यवस्थापकांना आजच हव्या होत्या, म्हणून तशीच लावली. मन खाते आहे. अशुद्ध पाटी माझ्या हातून जायला नको होती.

१२ मार्च

व्यवस्थापक शिडीवरून पडले. तेही सगळ्यांत खालच्या पायरीवरून, जिथून लहान मूलही उडी मारते. नडगीचे हाड मोडून कातडीबाहेर आले. त्यांना नेल्यावर मामा म्हणाले, रीस्टार्टरावांना बोलवा, साहेब बंद करून चालू होतात का बघू. आम्ही सगळे हसलो. मीही. नंतर लाज वाटली.

पाटीचा विचार मनात आला. शिकल्यासवरलेल्या बाईने असले विचार करू नयेत, म्हणून झटकला.

२० मार्च

व्यवस्थापक चाकांच्या खुर्चीतून कामावर येऊ लागले. हाड बसवले की पुन्हा सरकते, सांधत नाही. डॉक्टरांना कारण सापडत नाही.

मला राहवेना. पाट्यांची फाइल उघडून ती रेघ चिकाटीने खोडत राहिले. शेवटी गेली. ‘व्यवस्थापक’ स्वच्छ, शुद्ध. हुश्श म्हणेपर्यंत दिसले की रेघ खाली लेखापालांच्या पाटीत, शेवटच्या ‘ल’खाली उमटली आहे: ‘लेखापाल्’. मी ती खोडत होते, तेवढ्यात लेखापाल खुर्ची मागे सारून उठले आणि उभ्या जागी त्यांचा पाय काडीसारखा मोडला. आवाज मी ऐकला. माझे बोट अजून बटणावर होते.

२५ मार्च

व्यवस्थापकांचे हाड सांधू लागले आहे. म्हणजे ती रेघ मिटत नाही, फक्त हलते. आणि जिथे असेल तिथे हाड सांधू देत नाही.

हे लपवून ठेवणे बरोबर नाही असे वाटले, म्हणून आज व्यवस्थापकांना सगळे सांगितले. ते मला हसतील अशी तयारी ठेवली होती. हसले नाहीत. दार लावून घ्यायला सांगितले आणि एकच विचारले, ती रेघ हवी तिथे नेता येते का. माउसने धरून ओढून पाहिले. येते. मग फार मायेने म्हणाले की बाई, आपला फाटकावरचा पहारेकरी तसाही दिवसभर बसूनच असतो.

मी नाही म्हटले. घरी येऊन ताईला सांगितले. ती पोट धरून हसली, म्हणाली तुला झोपेची गरज आहे. मग भांडी आवरता आवरता सहज विचारल्यासारखे विचारले की ‘ग्रंथपाल’मध्ये ती रेघ कुठे बसेल. म्हटले, शेवटच्या ‘ल’खाली, लेखापालांसारखीच. ताईचे हसू थांबले. बराच वेळ ती एकच ताट पुसत होती. म्हणाली, पहारेकऱ्याला बसायला खुर्ची आहेच की.

२६ मार्च

हलवली.

लेखापालांना तीन मुले आहेत. पहारेकऱ्याला मूल नाही. त्याचे काम बसून करण्यासारखे आहे. शिवाय मी नाही केले तर व्यवस्थापक दुसऱ्या कोणाकडून करून घेतील, आणि तो दुसरा ती ताईवर ठेवील. ही सगळी कारणे मी रेघ हलवण्याआधी शोधली की नंतर, हे आता आठवत नाही.

पहारेकरी फाटकाशी पडला. त्याच्या जागी त्याची बायको उभी राहते. सकाळी मी आत शिरताना अदबीने विचारते, बाई, सगळं ठीक ना.

३१ मार्च

सगळ्यांना कळले आहे. कोणी उघड बोलत नाही, पण माझ्या टेबलाशी येऊन तब्येत विचारतात. लेखापाल कुबडी टेकत आले आणि म्हणाले, आहे तिथे छान आहे हो, उगाच हलवाहलव नको. मामा तेवढे बिनधास्त. त्यांनी हिशेबच मांडला: ‘श’ला वेलांटी, ‘प’ला काना, आणि ‘ई’ तर पायच नसलेली, रेघ टेकवायला जागाच कुठाय? म्हणाले, शिकलो नाही तेच बरं. शिकलो असतो तर व्यवस्थापक झालो असतो आणि पाय मोडून बसलो असतो.

ओढून पाहिली. खरेच तिथे बसत नाही. रिकाम्या खोलीसाठी खोटी पाटी करून तिच्यावर नेली, तिथेही बसत नाही. तिला माणूस लागतो.

‘लिपिक’मध्ये जागा आहे. ‘क’खाली. माउस तिथपर्यंत नेला होता. मग हात मागे घेतला. हे लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला स्वतःला फसवता येणार नाही.

८ एप्रिल

रीस्टार्टराव नवे अपडेट घेऊन आला. म्हणाला की कंपनीला दोष कळलाय, यात सुधारलाय. दिवसभर यंत्र बंद-चालू होत राहिले. संध्याकाळी पाट्या उघडल्या. रेघ नाही! एकाही पाटीवर नाही. फाटकाशी निरोप द्यायला गेले तर पहारेकऱ्याची बायको सांगत होती की त्यांचं दुखणं दुपारीच थांबलं, पाय टेकवला त्यांनी. मला रडू आले. ताईने मला जवळ घेतले. शेवटचे कधी घेतले होते ते आठवत नाही.

एवढेच, की ‘शिपाई’ आता ‘षिपाई’ असे दिसते. शहामृगाचा श जाऊन षटकोनाचा ष आला आहे. किरकोळ चूक. उद्या सुधारीन. लहानपणी आम्ही दोघी त्या अक्षराला पोटफोड्या म्हणायचो, त्याच्या पोटातून आरपार रेघ जाते म्हणून

वाक्य अर्धेच सोडून मामांना फोन लावला. घंटा वाजत राहिली. मग उचलला, हसले, म्हणाले, जेवतोय बाई, काय झालं? काही नाही म्हटले.

९ एप्रिल

मामा पुस्तकांचे खोके उचलत होते. नेहमीचेच, हलके. उसवल्यासारखा आवाज झाला. त्यांनी खोके नीट खाली ठेवले, मग स्वतःच्या सदऱ्याकडे पाहिले.

फरशी अजून ओली आहे.

१५ एप्रिल

टाके टिकत नाहीत. घातले की सुटतात.

ष खोडते, परत येतो. दुसरीकडे न्यावा तर एकाही पाटीत श नाही. व्यवस्थापक निवांत आहेत. म्हणाले, आता कोणाला धोका नाही, राहू द्या. लेखापालांचे मत की मामांना तसंही अलीकडे काम झेपत नव्हतं. कुबडी त्यांनी मांडणीला टेकवून ठेवली आहे. आता लागत नाही.

दवाखान्यात जाऊन आले. मामा म्हणाले, बाई, तुम्ही एवढं शिकलात. एक अक्षर शुद्ध करता येईना?

२२ एप्रिल

ताईला बढती मिळाली. किती वर्षे वाट पाहत होती! आदेश हातात घेऊन लहान मुलीसारखी घरभर फिरली. उद्यापासून ती ‘ज्येष्ठ ग्रंथपाल’. पाटी मी करायची.

टाइप करायला बसले आणि हात थांबला. ज्येष्ठ. त्यात तो आहे. चुकून नव्हे. शुद्धच तसे आहे.

‘ज्येश्ठ’ लिहिले. जन्मात पहिल्यांदा जाणूनबुजून अशुद्ध. पुढचे अक्षर टाइप करेपर्यंत यंत्राने ते आपणहून शुद्ध केले होते. पुन्हा श घातला. पुन्हा ष. ही नव्या अपडेटमधली सोय आहे म्हणे. ती बंद करायला गेले. परवानगी नाही. एक-दोन-तीन-चार टाकले. परवानगी नाही.

२३ एप्रिल

पाटी हाताने लिहिली, श घालून, आणि ताईच्या दारावर लावली. ताईने सगळ्यांसमोर फाडली. म्हणाली, माझ्या घरात राहतेस, माझं खातेस, आणि एक पाटी धड लिहवत नाही? तुला माझं चांगलं बघवत नाही, बबडे. कधीच बघवलं नाही.

बाजूला नेऊन मामांची आठवण दिली. तर शांतपणे म्हणाली की त्यांचं ते चुकीचं अक्षर होतं. माझं बरोबर आहे. बरोबर असलेल्याला काय होतंय?

तिचे बरोबर असेल का? असेलही. व्यवस्थापकांनी शुद्ध पाटी स्वतः छापली. टाळ्या वाजल्या. फाइलमध्ये पाहिले — ‘शिपाई’चा श जागेवर आला आहे.

२५ एप्रिल

मामांची जखम मिटली. डॉक्टर चक्रावले आहेत. म्हणजे —

दुपारी ताई दारात उभी राहून पाटीवरची धूळ पदराने पुसत होती. मग तिने दोन्ही हात पोटावर ठेवले. माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. आई पाहायची तसे —

३० एप्रिल

टाके टिकत नाहीत.

‘ज्येष्ठ’ खोडून नुसते ‘ग्रंथपाल’ ठेवले. परत आले. पाटी दारावरून काढली, जाळली. फाइलमध्ये आहेच. दुसरी जागा दाखवल्याशिवाय उठत नाही.

मामांकडे परत न्यायला निघाले होते. हो. माउस धरला होता. पण मामांनी आधीच व्यवस्थापकांकडून हुद्दा बदलून घेतला आहे. ‘सेवक’. एकही श नाही. समोर आले तर भिंतीकडे पाहत जातात.

४ मे

दवाखान्यात ताई बोलली. आवाज फार खोलातून येतो.

तिने सगळा विचार करून ठेवला आहे. मला कायम करून घ्यावे असा निरोप तिने व्यवस्थापकांना पाठवला आहे. पण नुसते लिपिक नाही. आधी एक शब्द लावायचा. ज्येष्ठच्या उलट अर्थाचा. मी तो इथे लिहिणार नाही.

म्हणाली, धाकटी आहेस ना तू? मग खोटं काय आहे त्यात?

विचारले, ताई, आणि माझं? माझा हात तिच्या हातात होता. तिने तो सोडला नाही. म्हणाली, तुझ्यामागे रडायला कोण आहे?

तीच होती —

५ मे

आदेश आला. शिक्क्यासकट. अभिनंदनाला सगळे आले. व्यवस्थापक चालत आले. लेखापालांनी हात मिळवला. मामांनी चहा ठेवला, एक थेंब सांडला नाही. पहारेकऱ्याची बायको नवऱ्याला घेऊन दारापर्यंत — आत नाही आली — नुसती बघत —

टाइप केले नाही अजून.

नाही म्हणता येईल. कोणी हात धरलेला नाही. पण नाही म्हटले तर ताई — आज पट्टी बदलताना नर्सने मला बाहेर जायला सांगितले, मी गेले नाही, मी पाहिले —

आणि हो म्हटले तर ती उठेल, घरी येईल, माझ्या खोलीतला दिवा —

तिला वाईट वाटेल का? हे विचारायचे राहिले.

६ मे

व्यवस्थापक म्हणाले, घाई नाही, सकाळी लावा.

ताईचा निरोप आला. शुद्ध लिही.

अक्षर वाईट येते —

उद्या : नवी पाटी लावणे, कनिष्—